स्टाइल ठरत नाही म्हणतेस, त्याबद्दल

चि. वैशूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "अप्पा, वर्गात सगळ्यांची चित्रांची आपापली स्टाइल ठरली, माझीच ठरेना." फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

स्टाइल ठरवायची नसते गं. मी उभा जन्म यावलच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवल्या. तिथे स्टाइल कोण विचारतो? गिऱ्हाइकाला आपलं नाव रस्त्याच्या पलीकडून वाचता आलं की झालं. खडूची दोरी मारायची, शिरोरेषा आखायची, मग अक्षरं. पण दोन अक्षरांमधली जागा फुटपट्टीने सारखी ठेवली, तर डोळ्याला ती सारखी दिसत नाही. 'ठ'च्या गोलाव्याजवळ जरा कमी सोडावी लागते, दोन उभ्या दांड्या शेजारी आल्या की जरा जास्त. शिडीवरून उतरायचं, रस्ता ओलांडून बघायचं, परत चढायचं. फ्लेक्स येईपर्यंत लोक लांबूनच म्हणायचे, ही पाटी अप्पांची. मी मुद्दाम काहीच केलं नव्हतं.

तुझी केळीची चित्रं पाहिली. हात चांगला चालतोय, पण हिरवा नळीतून आला तसाच लावलायस. मे महिन्यात भरदुपारी बागेत उभी राहून बघ. ऊन पडलेलं पान हिरवं दिसतच नाही. त्याच्या तुकतुकीत अंगावर आभाळ उतरतं, राखाडी-पांढरट दिसतं. पानाखाली उभी राहून वर बघितलंस, तर तेच पान पिवळंधमक. खरा गर्द हिरवा सापडतो तो बागेच्या आतल्या सावलीत. एवढं दिसायला मला फार वर्षं लागली. डोक्यात आधीच 'पान हिरवं' असं बसलेलं असतं ना!

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला रॉबर्ट गिल तुला माहीत आहेच. 1844 साली त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायचं काम मिळालं. त्या नकला लंडनला गेल्या आणि 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीला लागलेल्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. तरी गडी परत लेण्यांत जाऊन कामाला लागला. भुसावळला त्याची कबर आहे. दुसऱ्याच्या चित्रांच्या नकलेत आयुष्य घालवलं, म्हणून त्याला चित्रकार मानायचं की नाही, यावर तुमच्या कॉलेजात वाद घालतील. मी मानतो. अजिंठ्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाची झुकलेली भुवई तू एकदा नुसती उतरवून बघ, म्हणजे कळेल.

आणि चाळीसगावचे फोटोग्राफर केकी मूस. लोक त्यांची प्रेमकथाच रंगवून सांगतात, प्रेयसी येणार होती ती रेल्वेगाडी आणि तिची ती वाट बघणं. मला त्या गोष्टीचा कंटाळा आलाय. माणसाने घराबाहेर फारसं न पडता टेबलावर चार वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून फोटोत अख्खं दृश्य उभं केलं, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पोटाचं म्हणशील, तर त्याची वेगळी सोय ठेव. मी पाट्यांवर घर चालवलं, म्हणून जलरंगांकडून कधी पैसे मागावे लागले नाहीत.

दिवाळीला येताना जाड हँडमेड कागद आण. इथे मिळतो तो पाणी धरत नाही. आई विचारतेय, भरीत पहिल्याच दिवशी करायचं का? वांगी तेवढी आणून ठेवते म्हणाली.

तुझे,
अप्पा