डायनासोर किती फूट लांब, एवढंच का छापता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात डायनासोरच्या जीवाश्मांची बातमी होती, फोटो झकास पण मजकूर नेहमीचाच, किती फूट लांब आणि किती कोटी वर्षं जुना. अहो तो जिवंत असताना खायचा काय, त्याच्या पिल्लांवर कोण टपून असायचं हे लिहा की, आता संशोधन त्यावरच तर चालतं.

आमच्या वरोरा तालुक्यातलं पिसदुरा घ्या. तिथे डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात (हसू नका, मॅटली नावाच्या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने १९३९ मध्येच त्यावर लिहिलंय). हे शेण बहुतेक टायटनोसॉरचं, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी अवाढव्य डायनासोरचं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मायक्रोस्कोपखाली तपासलं तर आत गवतातले सिलिकाचे, म्हणजे वाळूत असतं त्या कठीण पदार्थाचे, बारीक कण निघाले. धानाचं पातं हाताला कापतं ना, ते याच सिलिकामुळे. झाड कुजलं तरी हे कण टिकतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पती कुठल्या गटातली ते ओळखता येतं. २००५ साली हे छापून आलं आणि जगभर गाजलं, कारण तोवर समज असा की गवत पसरलं ते डायनासोर संपल्यावर. गवत थोडंच होतं म्हणा, सोबत ताडवर्गातली आणि सूचीपर्णी झाडंही होती, म्हणजे जे दिसेल ते चरणारा गडी.

दुसरं गुजरातमधल्या ढोली डुंगरीचं. नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात तिथे डायनासोरची अंडी आणि हाडं असलेला दगड मिळाला, हाडं सगळी डायनासोरच्या पिल्लाचीच वाटली होती, पुढे २००१ मध्ये जेफ विल्सन या अमेरिकन जीवाश्म-अभ्यासकांना त्यात सापाचे मणके दिसले! सुमारे साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला, शेजारी जेमतेम अर्ध्या मीटरचं पिल्लू. अख्खं अंडं गिळण्याइतका त्याचा जबडा उघडत नव्हता, म्हणून तो पिल्लांवर टपलेला असणार असा अंदाज. २०१० मध्ये त्याला सनाजे इंडिकस नाव मिळालं.

आता हाच दगड कुणी फोडून अंडं एकाने आणि मणके दुसऱ्याने शोकेसमध्ये नेऊन ठेवले असते तर कुणाला काय कळलं असतं? म्हणून पुढच्या बातमीखाली एवढी चौकट टाकाच, की असं काही दिसलं तर उचलू नका, जागेवरच फोटो काढा आणि नागपूरच्या जीएसआय (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) ऑफिसला कळवा.

एक वाचक, वरोरा