रात्री २ च्या बॅकअपसाठी दादांना थँक यू

दादा, तुम्हाला रोज दहा जण असलं काहीतरी विचारत असतील, त्यामुळे मी लक्षात असेन की नाही काय माहीत. रात्री २ ला मायएसक्यूएल डेटाबेसचा बॅकअप सुरू झाला की ज्याचं ॲप लटकायचं ना, तोच मी.

मला वाटलेलं एखादी कमांड द्याल आणि सुटेन, पण तुम्ही उलट मलाच विचारलंत की नक्की अडतंय कुठे, लॉकवर, डिस्कवर का सीपीयूवर, आणि मी गप्प, कारण मी बॅकअपच्या कमांडला फक्त नाइस आणि आयओनाइस (सीपीयू आणि डिस्क वापरताना इतरांच्या मागे राहा असं सांगणाऱ्या कमांड) लावून बसलेलो आणि तरी फरक का पडत नाही म्हणून वैतागलेलो. "अरे, मायएसक्यूएलडंप, म्हणजे तुझा बॅकअप काढणारा प्रोग्राम, नुसता मागणी करतो, डिस्कवरून वाचतो तो सर्व्हर, मग डंपला हळू चाल सांगून काय होणार?" हे ऐकून खरंच कपाळावर हात मारला. दोन वर्षं ती स्क्रिप्ट माझ्याच हातात होती!

मग प्रोसेसलिस्ट (सर्व्हरवर आत्ता काय काय चालू आहे त्याची यादी) बघितली तर सगळे अपडेट लॉकसाठी रांगेत उभे. सिंगल-ट्रान्झॅक्शन (टेबलं लॉक न करता एकाच क्षणाचा डेटा वाचायचा डंपचा पर्याय) टाकलं, आमची टेबलं सगळी इनोडीबी, म्हणजे ट्रान्झॅक्शन चालणाऱ्या प्रकारची, त्यामुळे लिहिणं लगेच मोकळं झालं. (ट्रान्झॅक्शन नसलेलं मायआयसॅम असतं तर एवढ्यावर भागलं नसतं हेही तुम्हीच बजावलंत, आणि डंप चालू असताना ऑल्टर टेबल, म्हणजे टेबलाच्या रचनेत बदल, करू नको हेही.) डंपची फाइल डेटाच्याच डिस्कवर पडत होती, ती पाइपने दुसऱ्या मशीनवर नेली, आणि ती दाबून लहान करायला जीझिपच्या जागी झेडस्टँडर्ड.

पीव्ही नावाच्या टूलने डंपचा स्पीड बांधायला गेलो तेव्हा तुम्ही थांबवलंत ते बरं झालं. डंप जितका लांबेल तितकं ते ट्रान्झॅक्शन उघडं राहणार आणि बदललेल्या ओळींच्या जुन्या प्रती (रो-व्हर्जन्स) अनडू लॉगमध्ये साठत जाणार, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. शेवटी बॅकअप रेप्लिकावर, म्हणजे मुख्य सर्व्हरची सतत नक्कल ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर, हलवला. ती थोडी मागे पडते, नंतर गाठते, कुणाला पत्ताही लागत नाही. आणि हो, रेप्लिका आहे म्हणून बॅकअप बंद करायचा विचार सोडला, चुकून मारलेला ड्रॉप टेबल (टेबल उडवणारी कमांड) तिकडेही पोचतोच.

मनापासून आभार दादा. रिस्टोअर करून बघ म्हणाला होतात ते तेवढं राहिलंय, या रविवारी करतो आणि किती वेळ लागला ते कळवतो.