भैरवीआधी दोन मिनिटं

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

दर वर्षी ३ ऑगस्टला अवयवदान दिन येतो, रॅली निघते, मान्यवर फॉर्म भरतानाचे फोटो छापून येतात आणि ४ तारखेला सगळं गार. यावर एक सुचवायचंय, त्यासाठी जरा अमेरिकेत जाऊन यावं लागेल, तेवढं चालवून घ्या.

फिल लेश नावाचा बेस गिटारवाला होता, ग्रेटफुल डेड या बँडचा. आपल्याकडे नाव फारसं माहीत नसेल, पण त्याच बँडचा ड्रमर मिकी हार्ट म्हणजे आपल्या झाकीरभाईंचा प्लॅनेट ड्रम या ग्रुपमधला जोडीदार, असं म्हटलं की लिंक लागेल. मी स्वतः बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवलाय त्यामुळे मला लेशचं जरा जास्तच कौतुक. १९६५ ला बँडमध्ये आला तेव्हा पठ्ठ्याला बेस येतही नव्हता, आधी व्हायोलिन, मग ट्रम्पेट, आणि बेस तिथेच शिकला. म्हणूनच असेल, आमच्यासारखा ड्रमरच्या बाजूला गुपचूप उभा राहून ठेका धरायचा नाही, गाण्यात मधे मधे स्वतःचंच काहीतरी बोलत सुटायचा.

तर हेपटायटिस सी मुळे याचं लिव्हर पार कामातून गेलं. डिसेंबर १९९८ मध्ये फ्लोरिडातल्या मेयो क्लिनिकमध्ये ट्रान्सप्लांट झालं, लिव्हर एका तरुण मुलाचं होतं. एप्रिल १९९९ मध्ये, म्हणजे चारच महिन्यात, हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरात परत स्टेजवर, वय ५९! पुढे दोनदा कॅन्सर झाला तरी वाजवणं सोडलं नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात ८४ व्या वर्षी गेला. कुणा परक्याच्या लिव्हरवर जवळजवळ २६ वर्षं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. ट्रान्सप्लांटनंतर तो शो करायचा तेव्हा शेवटच्या गाण्याआधी माइकवर यायचा आणि दोन मिनिटं त्या मुलाबद्दल बोलायचा. फॉर्म भरा, कार्ड काढा यावर त्याचा भर नव्हता. तुमचं ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याकडे वळा आणि सांगा की मला काही झालं तर माझे अवयव द्या, एवढंच म्हणायचा. लोक खरंच बाजूला वळून बोलायचे.

यातली मेख आपल्याकडे तर जास्तच लागू आहे. तुम्ही ऑनलाइन नोंदणी केली, कार्ड पाकिटात ठेवलं, तरी ऐनवेळी घरच्यांची संमती विचारतातच, आणि घरचे नाही म्हणाले की विषय संपला. आमच्या नात्यातच झालंय. आयसीयूच्या बाहेर कोऑर्डिनेटर बाई अगदी शांतपणे, नीट समजावून सांगत होत्या की ब्रेन डेड आहेत, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलाय, चार डॉक्टरांच्या पॅनेलने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासलंय, पण आत काकांचा हात गरम, मॉनिटरवर ठोके दिसतायत, काकू म्हणतात अहो श्वास चालू आहे की! श्वास व्हेंटिलेटरचा होता. मग प्रश्न आला की काकांची स्वतःची इच्छा काय होती, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले, कारण चाळीस वर्षांच्या संसारात हा विषय कधी निघालाच नव्हता. नाही म्हणून सांगितलं. काकूंना दोष देत नाही, त्या अवस्थेत कोण काय ठरवणार.

अजून एक घोळ म्हणजे लोकांना वाटतं नेत्रदानासारखंच हे पण घरी होतं. डोळे घरी मृत्यू झाल्यावरही काही तासांत देता येतात, पण हृदय, लिव्हरला साधारणपणे हॉस्पिटलमध्ये ब्रेन डेड झालेलाच पेशंट लागतो, म्हणजे संधी मुळातच कमी.

काहीजण म्हणतील लेश तरुणपणी दारू प्यायचा, मग त्याला कशाला? डेव्हिड क्रॉस्बी या गायकाला १९९४ मध्ये लिव्हर मिळालं तेव्हा तिकडेही अशीच बोंब झाली होती, सेलिब्रिटी म्हणून नंबर आधी लागला वगैरे. शंका आपल्याकडेही आहे आणि लोकांनी ती खुशाल विचारावी. मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगरच्या झेडटीसीसी, म्हणजे अवयव कुणाला द्यायचा ते बघणारी विभागीय केंद्रं, वेटिंग लिस्ट सांभाळतात, त्यांनी नंबर कसा लागतो ते साध्या मराठीत सांगावं, सरकारी मराठीत नको.

आता मुद्दा. आपल्याकडे मैफलीत भैरवी झाल्याशिवाय उठायचं नाही हा रिवाज अजून बराचसा टिकून आहे. मग भैरवीआधी गायकाने तंबोरे चालू असतानाच दोन मिनिटं हे बोलावं. दिवाळी पहाटला अख्खं कुटुंब शेजारी शेजारी बसलेलं असतं, याहून चांगली वेळ कुठली? नाटकवाल्यांनी मात्र शेवटी बोलू नये, पडदा पडला की पब्लिक पार्किंगकडे पळतं. मध्यंतरानंतर वडा खाऊन सगळे जागेवर बसले की बोला, मोबाइल बंद ठेवायची सूचना देता तिथेच. आणि प्लीज, निवेदकाला कविता करू देऊ नका. ज्याच्यासाठी लोक तिकीट काढून आलेत त्यानेच बोलावं, आणि फक्त बाजूला बसलेल्या आपल्या माणसाला सांगा, इतकंच.

तुमच्या पेपरात नाटकांच्या जाहिरातींचं पान असतं, तिथे कोपऱ्यात राष्ट्रीय अवयवदान संस्थेची, म्हणजे नोटोची टोल फ्री हेल्पलाइन रोज छापता आली तर बघा: १८००११४७७०.

आपला,
एक जुना बेसवाला, डोंबिवली