गरोदर बाईला तिचा अर्धा तास द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी सून पाचव्या महिन्यात होती तेव्हा दिवसचे दिवस गप्प असायची. ताट पुढ्यात घेऊन भिंतीकडे बघत बसायची, पहाटे तीनला उठून अंधारात ओट्यापाशी उभी राहायची. 'पोटुशी बाईला असं व्हायचंच', असं मीच शेजारणींना सांगत होते. तीन आठवडे असे गेले. हे डोहाळे नव्हेत, गरोदरपणातलं नैराश्य असू शकतं, हे ओळखलं आमच्या आशाताईंनी.

दवाखान्यात आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं, कारण ते बिघडलं तरी बाई अशीच गळून जाते. मग समुपदेशक ताईंनी तिला वही ठेवायला सांगितली. उद्याची दोनच छोटी कामं लिहायची, मन असो-नसो ती करायची आणि नंतर कसं वाटलं ते पुढे लिहायचं. मन लागल्यावर करू म्हटलं तर ते लागतच नाही, हातून काही झालं की हळूहळू लागतं, असं त्या म्हणाल्या. पहिल्या दिवशी वहीत होतं: 'केस धुतले. ताईला फोन.' मग त्यात कालव्याच्या रस्त्याने संध्याकाळचं चालणं आलं.

आणि नेमकी तीच आमच्या भाकरीची वेळ. चार दिवस ती गेलीच नाही. पाचव्या दिवशी काही न बोलता तिने वही माझ्यापुढे धरली, चार ओळी कोऱ्या. तेव्हापासून संध्याकाळच्या भाकरी मी थापते आणि मुलगा तिच्यासोबत चालतो. 'स्वतःला जप' म्हणायचं आणि अर्धा तास मोकळा द्यायचा नाही, हे घरोघरी चाललंय.

दोन आठवड्यांहून जास्त उदासी टिकली तर नुसत्या वहीवर विसंबू नये, डॉक्टरांना दाखवावंच. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर एक दिवसही थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांचं वजन, बीपी, रक्त तपासतात. नैराश्य ओळखायची एडिनबरो प्रश्नावली १९८७ पासून आहे, प्रश्न अवघे १०. सांगली-साताऱ्याच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी ती विचारली जावी, आणि सासूला, नवऱ्याला बाहेर बसवून विचारली जावी. माझ्यासमोर माझी सून खरं बोलली नसती.

– एक वाचक, ता. पलूस, जि. सांगली