व्हिएन्नाहून मनूस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

दादाकडून काल रात्री कळलं. डेंग्यू झालाय, सलाईन लावलंय, आणि आईला सांगू नकोस म्हणून तूच त्याला बजावलंस. ट्रिप मोठी का तू? प्लेटलेट्स 62 हजारांवर आल्यात म्हणे. आज किती आहेत?

हॉटेलात बसून काय करणार, म्हणून बाबा मला शोनब्रुनला घेऊन गेले. 1441 खोल्यांचा राजवाडा. पांढऱ्या भिंतींवर सोनेरी नक्षी, झुंबरं, डोळे निवतात. एका दालनात राजपुत्र जोसेफच्या 1760 सालच्या लग्नाची भलीमोठी चित्रं आहेत. वरातीत घोडागाड्यांच्या रांगाच रांगा, सगळा चौक भरून गेलाय. जवळ जाऊन पाहिलं तर एकेका गाडीवरचं कोरीवकामसुद्धा बारकाईने काढलेलं. मैफलीच्या चित्रात छोटा मोझार्टही आहे. तो लग्नात नव्हताच, मागाहून रंगवलाय. आणि ती नवरी, इसाबेला, तीनच वर्षांत देवीच्या आजाराने गेली. पुढचं मला काही पाहवेना.

तिची सासू म्हणजे ऑस्ट्रियाची महाराणी मारिया तेरेसा, 16 मुलांची आई. 1767 साली देवीतून ती स्वतः वाचली, पण त्याच वर्षी लेक जोसेफा गेली. 16 वर्षांची, लग्न ठरलेली. तेव्हा जेनरची लस यायची होती. देवीच्याच फोडातला पू टोचत, त्यात जीवही जायचा. तरी पुढच्या वर्षी तिने घरातल्या मुलांना टोचून घेतलं. आधी ज्या मुलांना टोचलं होतं, त्यांना राजवाड्यात जेवायला बोलावून स्वतः वाढलं म्हणे. एवढं वैभव पाहिलं, पण माझ्या मनात राहिली ती वाढणारी बाई.

ताप उतरला म्हणून कामाला लागू नकोस. डेंग्यूत ताप उतरल्यावरच जास्त जपायचं असतं. अंग दुखतंय म्हणून मनाने गोळी घेऊ नकोस, डॉक्टर देतील तीच. लॅपटॉप माईमावशीकडे दे. झालं माझं सुरू, रागावू नकोस गं. चौथीत स्कॉलरशिपच्या आदल्या रात्रीही तू अशीच ताप लपवून अभ्यासाला बसली होतीस. हात लावला तर कपाळ तव्यासारखं तापलेलं. तरी पेपर दिलास, नंबरही आणलास. तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं! आता त्याचीच भीती वाटते.

संध्याकाळी झाखरटॉर्ट खाल्ला. चॉकलेटचा केक, मध्ये जर्दाळूचा जॅम, बाजूला बिनसाखरेचं क्रीम. बाबांनी शुगर विसरून अर्धा संपवला. माझ्या घशाखाली उतरेना. लेकीने पहिल्या बोनसमधून आम्हाला ट्रिपला पाठवलंय, हे मात्र बसमधल्या सगळ्यांना सांगून झालंय.

उद्या पांढऱ्या लिपिझ्झानर घोड्यांची कवायत आहे. स्वार आत आल्यावर टोपी काढून मारिया तेरेसाच्या वडिलांच्या तसबिरीला मुजरा करतात. तिकिटं तू काढलीस, म्हणून जाईन. पण सकाळचा रिपोर्ट दादाला नाही, मला पाठव. पाणी किती प्यायलीस, लघवी किती वेळा झाली, माईमावशीला वहीत लिहायला सांग. आकडा खाली गेला तर आम्ही मिळेल त्या विमानाने निघतो, बाबांशी बोलणं झालंय.

तुझी,
आई