खळ्यावरच्या बायकांची नाकं तपासा: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर निफाड तालुक्यातलं, राहायला नाशिकरोडला. माझ्या आईने तीस वर्षं लासलगावच्या बाजूला कांद्याच्या खळ्यावर कांदा निवडला. हे पत्र तिच्या नाकाबद्दल आहे, आणि तिच्या शेजारी बसून तितकीच वर्षं कांदा निवडणाऱ्या एका मावशींच्या नाकाबद्दलही आहे. दोघींचा एकत्र विचार आजवर कुणी केला नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

पावसाळ्यात चाळीतला, म्हणजे साठवणीच्या शेडमधला, उन्हाळ कांदा खळ्यावर येतो तेव्हा त्याच्या पापुद्र्याखाली काजळीसारखी भुकटी असते. ती अ‍ॅस्परजिलस नायजर नावाची बुरशी. ढिगात हात घातला की ती उडते. आई नाकातोंडावर जुन्या लुगड्याचा फडका बांधायची. संध्याकाळी तो फडका धुताना पहिलं पाणी काळं निघायचं, दुसरंही काळपटच. लहानपणी मला वाटायचं, कांद्याला रंगच असतो तसा.

आधी तिला नुसती सर्दी असायची. मग नाक कायमचं बंद, कपाळ ठणकायचं, घशात मागून घाण उतरायची. आणि एके वर्षी तिचा वास गेला. निवडणारीचा वास जाणं म्हणजे काय, हे खळ्यावर बसल्याशिवाय कळत नाही. आतून सडलेला कांदा वरून चांगला दिसतो, तो आधी वासावरून कळतो. आई मग प्रत्येक कांद्याच्या मानेवर अंगठा दाबून बघायला लागली. हात मंदावला, गोण्या कमी भरल्या, मुकादम बोलायला लागला. वास येत नाही हे तिने त्याला कधीच सांगितलं नाही.

नाक चोंदणं, वाहणं, चेहरा दुखणं, वास न येणं यातली लक्षणं बारा आठवडे किंवा जास्त टिकली तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन सायनसचा आजार म्हणतात. आईचे बारा आठवडे कधी उलटले ते आम्हाला आठवतसुद्धा नाही. तोवर कुणी म्हणालं नाकाचं हाड वाढलंय, कुणी म्हणालं थंडी बाधते, निफाडची थंडी आहेच तशी. दर वेळी अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स. आणि नाक मोकळं करणाऱ्या थेंबांची बाटली, जी तिने तीन वर्षं कनवटीला बाळगली. ते थेंब आठवडाभराच्या वर टाकले की उलटतात, नाक आणखी घट्ट बंद होतं. हे बाटली देणाऱ्याने सांगितलं नाही. मला ते फार उशिरा समजलं, आणि त्याचं वाईट आजही वाटतं.

शेवटी शहरातल्या एका खासगी दवाखान्यात दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. नाकात मास वाढलं होतं, म्हणजे पॉलिप. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाहेर येऊन आम्हाला एक डबी दाखवली. पाण्यात सोललेल्या द्राक्षासारखे फिकट, ओलसर कोंब होते. मी विचारलं, हे तपासायला पाठवायचं का? उत्तर मिळालं, पाठवता येईल, वेगळा खर्च येईल, पण तशी गरज नाही. डबी तिथेच राहिली. दीड वर्षात मास पुन्हा वाढलं.

साहेब, त्या डबीत काय होतं हे कळणं अतिशय गरजेचं होतं. पॉलिपच्या तुकड्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी किती आहेत, हे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतं. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी आकडाही दिला आहे: मोठ्या भिंगाखालच्या एका क्षेत्रात १० किंवा त्याहून जास्त. या पेशी जास्त असतील तर आजार पुन्हा उलटण्याची शक्यता जास्त, स्टेरॉइडचा स्प्रे नेमाने चालू ठेवणं जास्त महत्त्वाचं. अमेरिकेत २०१९ साली पॉलिपसाठी मंजूर झालेलं ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन या पेशींच्या जोराने येणाऱ्या सुजेवरच चालतं. पण पाश्चात्त्य रुग्णांच्या पॉलिपमध्ये इओसिनोफिल भरपूर दिसतात, तर चीन-कोरियाकडच्या बऱ्याच रुग्णांत न्यूट्रोफिल या दुसऱ्याच पेशींचा जोर दिसतो. म्हणजे एकाच नावाचा आजार, पण आतून वेगळा. मग निफाड-चांदवडच्या बाईच्या नाकात कोणता? तिला लिहून दिलेलं औषध कुणाच्या नाकावर तपासलेलं आहे?

आता त्या मावशींकडे येते. आईच्या डाव्या हाताला त्यांचं पोतं. तोच ढीग, तीच भुकटी, तीच वर्षं. त्यांना शिंकसुद्धा येत नाही. आईच्या आजाराचं बोलणं निघालं की लोक पटकन म्हणतात, बुरशीमुळे झालं. मीही अनेक वर्षं तेच म्हणत होते. मग १९९९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने केलेल्या अभ्यासाबद्दल वाचलं. त्यांना सायनसच्या २१० पैकी २०२ रुग्णांच्या शेंबडात बुरशी सापडली. सगळीकडे गाजावाजा झाला, की गुन्हेगार मिळाला. पण त्याच अभ्यासात १४ निरोगी माणसंही तपासली होती, आणि त्या चौदाच्या चौदा जणांच्या नाकात बुरशी होती. पुढे २००६ मध्ये युरोपात ११६ रुग्णांची नाकं बुरशीनाशक अँफोटेरिसिनने धुऊन पाहिली. नुसत्या पाण्यासारख्या बनावट औषधापेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. आता काही रुग्णांना बुरशीच्या अ‍ॅलर्जीचा सायनस होतो हे खरं आहे, आणि आपल्या देशात तो कमी नाही. पण कुणाला होतो आणि कुणाला होत नाही, हे फक्त आजारी माणूस तपासून कधीच कळणार नाही. मावशींचं नाक तपासल्याशिवाय आईचं नाक समजणार नाही.

माझी मागणी एवढीच आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्या नाशकात, म्हसरूळला आहे. राज्यभरातल्या कान-नाक-घशाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. प्रत्येक जण आपल्या रुग्णालयात आलेले थोडे रुग्ण घेतो, आपापल्या पद्धतीने नोंदी करतो, पदवी मिळते आणि प्रबंध कपाटात जातो. त्याऐवजी दीर्घकालीन सायनसपुरता एकच नमुना विद्यापीठाने ठरवून द्यावा. रुग्ण काय काम करतो, किती वर्षं करतो, घरात चूल आहे का, वास येतो का, दुर्बिणीत काय दिसलं, तुकड्यात पेशी किती, हे सगळीकडे एकाच पद्धतीने लिहिलं जावं. आणि प्रत्येक रुग्णामागे त्याच्याच खळ्यावरचा, त्याच्याच द्राक्षबागेतला, त्याच्याच अंबड औद्योगिक वसाहतीच्या कारखान्यातला एक निरोगी सोबती तपासला जावा. हे झालं तर काही वर्षांत आपल्या हाती असं काही येईल जे युरोपकडेही नाही. त्यांच्याकडे निदान प्रमाण तरी मोजलेलं आहे: २०११ सालच्या पाहणीत १०.९ टक्के प्रौढांना हा आजार. मला माझ्या तालुक्याचा आकडा हवा आहे.

हे खेड्यात जमत नाही असं कुणी सांगितलं तर चंडीगढच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेकडे बोट दाखवा. तिथल्या संशोधकांनी उत्तर भारतात गावोगाव जाऊन सायनसचा आणि बुरशीचा शोध घेतला आहे. आणि २०२१ चा उन्हाळा आपण कुणीच विसरलेलो नाही. कोरोनाच्या साथीतला तो काळ्या बुरशीचा आजार, म्हणजे म्युकरमायकोसिस, वेगळा, झपाट्याने डोळ्यापर्यंत आणि मेंदूपर्यंत जाणारा. पण तेव्हा सरकारने नोंद सक्तीची केली आणि जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून जास्त, त्यातले ९ हजारांहून जास्त आपल्या राज्यातले रुग्ण मोजले गेले. मोजायचं ठरवलं की मोजता येतं, हे तुमच्याच यंत्रणेने दाखवलं. आईच्या आजाराने जीव जात नाही म्हणून त्याचा हिशेब नाही.

शिवाय सरकारी रुग्णालयात काढलेला पॉलिपचा प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीकडे मोफत गेला पाहिजे आणि अहवालात पेशींची संख्या लिहिलेली पाहिजे. नाकाच्या ओपीडीत उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक कसं धुवायचं हे एखाद्या सिस्टरने करून दाखवावं. आईला या धुण्याने आणि रोजच्या स्प्रेने जेवढा आराम पडला तेवढा आधीच्या दहा वर्षांत पडला नव्हता. परवा तिला कढीपत्त्याची फोडणी कळली. ती दोन मिनिटं चुलीपाशीच उभी होती.

चाळीतला कांदा खळ्यावर यायला जूनच्या शेवटी सुरुवात होते. त्याआधी विद्यापीठाचं पथक येणार असेल तर मी शाळेतून रजा काढून त्यांना घेऊन जाईन. बायका सकाळी आठला बसतात. मावशी अजून कामावर आहेत, नाक तपासू द्यायला त्या तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे.

आपली,
निफाड तालुक्यातली एक शिक्षिका,
नाशिकरोड