लॉगशीटवर 'गाडी बेकार' लिहून चालत नाही

चिपळूण, रविवार

प्रिय बाळा,

परवा रात्री फोनवर तू म्हणालास, "बाबा, मी कशाच्याच लायकीचा नाही." मी तेव्हा "असं बोलू नये" एवढंच म्हणालो. फोन ठेवल्यावर झोप लागली नाही. तिसऱ्यांदा राज्यसेवेची (एमपीएससी) पूर्वपरीक्षा हुकली याचं वाईट मलाही वाटलं, पण ते वाक्य जास्त लागलं. म्हणून लिहायला बसलोय. फोनवर मला नीट मांडता येत नाही.

तुला माहीत आहे, ड्युटी संपली की आम्हा एसटी ड्रायव्हरना गाडीतला बिघाड लॉगशीटवर लिहावा लागतो. तिथे "गाडी बेकार आहे" असं लिहिलं तर रात्रपाळीचा मेकॅनिक काय करणार? तो नुसता बघत राहील. "ब्रेक मारल्यावर डावीकडे ओढते" लिहिलं की तो सरळ चाकाकडे जातो. तू स्वतःच्या लॉगशीटवर "गाडी बेकार" लिहिलंयस. ते खोडून काढ आणि बिघाड लिही.

मीच तुझ्या मार्कांचा हिशोब मांडून बघितला. पहिला पेपर चांगला गेला. अडलं ते सीसॅटला, म्हणजे उतारे आणि बुद्धिमापनाच्या दुसऱ्या पेपरला. पास व्हायला 200 पैकी 66 लागतात, तुला 61.25 मिळाले. 30 प्रश्न बरोबर, 22 चूक. एका बरोबर प्रश्नाला अडीच गुण, आणि चुकला की त्याचा पाव भाग वजा. बाळा, त्या 22 मधले 10 प्रश्न तू नुसते सोडून दिले असतेस तर 67.5 झाले असते. म्हणजे तुला येत नव्हतं असं नाही. शेवटच्या अर्ध्या तासात तू घाबरून गोल भरत सुटलास. हा बिघाड आहे, आणि तो दुरुस्त होतो.

ते घाबरणं मला चांगलं ठाऊक आहे. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात कराडहून चिपळूणला येत होतो. उशीर झाला होता. हेळवाक सोडून कुंभार्ली घाटाला लागलो तर समोर नुसतं धुकं. वेळ भरून काढायची म्हणून गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवली आणि ब्रेकवर पाय दाबून उतरत राहिलो. चूक सर्वस्वी माझी होती. चौथ्या-पाचव्या वळणावर लायनर जळाल्याचा वास आला. पाय दाबतोय, पण गाडी पहिल्यासारखी धरत नाही. हात थरथरायला लागले.

पुढच्या सीटवर एक जुने ड्रायव्हर बसले होते, ड्युटी संपवून घरी निघालेले. मागे चाळीस माणसं होती, तरी त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "गिअर खाली घे. आता डोंगराच्या बाजूला घे. हां. हँडब्रेक लाव." गाडी थांबली. क्लीनरकीच्या सवयीने मी पाण्याचा डबा उचलला, तर म्हणाले, "तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नकोस, तडकेल. आपोआप निवू दे." अर्धा तास थांबलो. मग म्हणाले, "ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरायचं. आणि चिपळूण बघू नकोस, पुढचं वळण बघ."

ते पुढच्या वर्षी निवृत्त झाले. पण नंतर कितीतरी वर्षं घाटात धुकं आलं की मी त्यांच्याच आवाजात स्वतःशी बोलायचो. हळू, पण ऐकू येईल असं. "गिअर खाली घे. पुढचं वळण बघ." त्यांनी त्या दिवशी "तू ड्रायव्हर व्हायच्या लायकीचा नाहीस" असं म्हटलं असतं, तर माझा हात आणखी थरथरला असता. पोरा, हाच विचार कर. तुझ्या शेजारच्या सीटवर तू कोणाला बसवलं आहेस?

तुझी आजी दिवेलागणीला मनाचे श्लोक म्हणायची, आठवतं? 205 श्लोक, आणि समर्थ बोलतात ते मनाशीच. "मना" अशी हाक मारून समजूत घालतात. लहानपणी मी ते नुसतं पाठ केलं. घाटात कळलं की स्वतःला हाक मारली की आपण जरा बाजूला होतो, आणि बाजूच्या माणसाला रस्ता दिसतो.

तूही अभ्यासिकेत तसंच कर. घड्याळ लावून सीसॅटचा पेपर सोडव. छाती धडधडली की पेन खाली ठेव आणि स्वतःला नावाने हाक मारून सांग, "हा उतारा वाच. येत नसेल तर सोड." मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, 1750 गुणांची, ती अजून लांब आहे. ते चिपळूण. रोज रात्री वहीत एकच बिघाड लिही, नेमका.

आणि एक अगदी मनापासून. ब्रेक धरेनासा झाला तर गाडी एकट्याने रेटायची नाही. झोप उडाली, जेवण जाईना, मनात नको ते येऊ लागलं, तर मला उठव, कितीही वाजले असोत. माझ्याशी बोलवत नसेल तर 14416 लाव. टेलि-मानसची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यात लाज कसली? मीही त्या दिवशी गाडी कडेला घेतलीच होती.

आईने कुळथाचं पीठ आणि आमसुलं बांधली आहेत. मंगळवारी सकाळच्या पुणे गाडीत देतो, स्वारगेटला उतरवून घे. डबा परत पाठवायची घाई नाही.

तुझा,
बाबा